पुरे झालं ना?

मराठी पेपरात 'मध्यावधी निवडणूक' हे शब्द दिसले की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणीतरी पाठिंबा काढून घेतला, सरकार पडलं, लोकसभा बरखास्त झाली आणि आता पुन्हा एकदा गल्लीबोळातून रिक्षावर लावलेले भोंगे फिरणार. १९८०, १९९१, १९९८ ही आपली मध्यावधी प्रकरणं. अमेरिकेतल्या मध्यावधीचा याच्याशी काही संबंध नाही. तिथे काही पडत-बिडत नाही. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, आणि त्या चार वर्षांच्या बरोबर मधोमध, नोव्हेंबर महिन्यात, प्रतिनिधीगृहाच्या सगळ्याच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा मतदानाला येतात. कॅलेंडरात छापून आल्यासारखं. अध्यक्ष मात्र आपल्या जागी बसूनच असतो.

यात एक गंमत आहे. लोकांचा राग असतो अध्यक्षावर, आणि तो तर मतपत्रिकेवर नसतोच! असतो त्याच्या पक्षाचा कुणीतरी बिचारा स्थानिक खासदार. मग सासूचा राग वड्यावर निघतो. यादवी युद्धानंतरच्या बहुतेक सगळ्या मध्यावधींमध्ये अध्यक्षाच्या पक्षानं प्रतिनिधीगृहातल्या जागा गमावल्या आहेत. १९३४, १९९८ आणि २००२ हे ठळक अपवाद.

या सगळ्या मालिकेतली मला सगळ्यात वाचनीय वाटते ती १९४६ सालची. एक तर ती महायुद्ध जिंकून जेमतेम सव्वा वर्ष झाल्यावर झाली. आणि दुसरं म्हणजे ती बऱ्याच अंशी मांसाच्या तुकड्यावर लढली गेली.

तर पार्श्वभूमी अशी. १२ एप्रिल १९४५ ला फ्रँकलिन रूझवेल्ट गेले. बारा वर्षं तेच अध्यक्ष होते. अमेरिकेतल्या कॉलेजातल्या पोरांना दुसरा अध्यक्ष नीटसा आठवतही नसेल. त्यांच्या जागी आले हॅरी ट्रूमन, मिझुरीचे, चष्मेवाले, एकेकाळी कपड्यांचं दुकान काढून ते बुडवलेले. उपाध्यक्ष म्हणून त्यांचा अनुभव किती, तर ८२ दिवस. पण सुरुवातीला लोकांनी त्यांना उचलून धरलं. जून १९४५ मध्ये गॅलपच्या पाहणीत ८७ टक्के लोक त्यांच्या कामावर खूश होते. म्हणजे रूझवेल्टना कधी मिळाली नव्हती एवढी पसंती. ऑगस्टमध्ये जपाननं शरणागती पत्करली. आणि १९४६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तीच पसंती ३३ टक्क्यांच्या आसपास येऊन बसली. सव्वा वर्षात!

झालं काय एवढं? खरं सांगायचं तर एक गोष्ट नाही झाली, सगळ्या गोष्टी एकदम झाल्या. सैन्यात सव्वा कोटीच्या घरात माणसं होती, त्यांना घरी यायचं होतं, आणि लगेच यायचं होतं. आली तर राहायला घरं नव्हती. मंदीच्या दशकात आणि मग युद्धात नवी घरं फारशी बांधलीच गेली नव्हती. लग्न झालेली पोरं आईबापांच्या घरात, गॅरेजात, लष्करी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होती. शिकागोत तर जुन्या ट्रामगाड्या 'राहायला घ्या' म्हणून विकायला काढल्या होत्या. युद्धाच्या काळात कारखान्यात ओव्हरटाइम करून लोकांनी पैसे साठवले होते, पण बाजारात गाडी नाही, फ्रीज नाही, नायलॉनचे मोजे नाहीत. खिशात पैसा आणि दुकान रिकामं. अर्थशास्त्राचा एकही तास न बसलेल्या माणसालाही पुढे काय होणार ते कळेल.

भाव चढू नयेत म्हणून एक खातं होतं. ऑफिस ऑफ प्राइस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, थोडक्यात ओपीए. १९४२ पासून या खात्यानं जवळजवळ प्रत्येक वस्तूचा कमाल भाव ठरवून दिला होता. रेशनची पुस्तकं, मांसासाठी लाल पॉइंट, गावोगावी स्थानिक मंडळं, आणि दुकानात जाऊन भावाची पाटी तपासणाऱ्या स्वयंसेवक गृहिणी. आपल्याकडे रेशन कार्ड हा ज्यांनी जगण्याचाच भाग म्हणून पाहिला त्यांना यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेत हे सगळं चालत होतं हे मला तरी बरेच दिवस माहीत नव्हतं. आणि ते बऱ्यापैकी चाललंही. १९४३ ते १९४५ या ऐन युद्धाच्या वर्षांत भाव आश्चर्य वाटावं इतके स्थिर राहिले. या खात्याचे युद्धकाळातले प्रमुख चेस्टर बोल्स. हो, तेच, जे पुढे १९५१ मध्ये आणि नंतर पुन्हा १९६३ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत आले.

युद्ध संपल्यावर प्रश्न असा पडला की हे नियंत्रण काढायचं कधी? उद्योजकांच्या संघटनेचं म्हणणं, आत्ता, ताबडतोब. भाव मोकळे सोडा, माल आपोआप येईल. त्यासाठी त्यांनी पेपरांतून पानभर जाहिराती दिल्या. कामगार संघटनांचं म्हणणं, भाव बांधलेलेच ठेवा आणि पगार वाढवा. ग्राहकाचं म्हणणं मजेशीर होतं. त्याला भाव कमी हवे होते आणि दुकानही भरलेलं हवं होतं. दोन्ही. एकाच वेळी. त्याला दोष तरी कसा देणार? आपल्यालाही रस्ते चकाचक हवे असतात आणि कर कमी.

पगाराचं भांडण आधी पेटलं. ओव्हरटाइम गेला तशी हातात पडणारी रक्कम कमी झाली. नोव्हेंबर १९४५ मध्ये जनरल मोटर्समध्ये संप सुरू झाला तो ११३ दिवस चालला. कामगार नेते वॉल्टर रॉयथर यांची मागणी ऐकण्यासारखी होती: गाड्यांचे भाव न वाढवता पगार ३० टक्के वाढवा, आणि परवडत नाही म्हणत असाल तर हिशेबाच्या वह्या उघडून दाखवा. कंपनीनं अर्थातच वह्या दाखवल्या नाहीत. जानेवारीत पोलाद कामगार बाहेर पडले, साडेसात लाख. एप्रिलमध्ये जॉन एल. लुईस यांचे कोळसा कामगार, चार लाख. मे महिन्यात रेल्वे. त्या काळी अमेरिकेत रेल्वे थांबली म्हणजे देश थांबला. ट्रूमन इतके भडकले की २५ मे ला काँग्रेससमोर उभे राहून त्यांनी संपकऱ्यांना सरळ लष्करात भरती करण्याचा अधिकार मागितला. भाषण चालू असतानाच त्यांच्या हातात चिठ्ठी आली की संप मिटला. तरीसुद्धा प्रतिनिधीगृहानं ते विधेयक ३०६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केलं! सिनेटमध्ये ते अडवलं कुणी, तर रॉबर्ट टाफ्ट यांनी. हे ओहायोचे रिपब्लिकन, कामगार संघटनांचे कट्टर विरोधक. पण संप केला म्हणून नागरिकाला गणवेश चढवायचा हे त्यांच्या कायद्याच्या बुद्धीला पटेना. राजकारणात असे क्षण फार थोडे सापडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

म्हणजे जूनपर्यंत हिशेब असा झाला: कामगार ट्रूमनवर नाराज, कारण त्यांनी संप मोडायची धमकी दिली. मध्यमवर्ग नाराज, कारण त्यांनी संप होऊच कसे दिले. कारखानदार नाराज, कारण भाव बांधलेले. गृहिणी नाराज, कारण बांधलेल्या भावात माल मिळत नाही आणि टेबलाखालून दुप्पट भावात मिळतो.

त्यात आणखी एक अडचण होती, जिचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९४६ साली युरोप आणि आशियात दुष्काळाची भीती होती. ट्रूमन यांनी गहू वाचवून बाहेर पाठवायचा ठरवला. अमेरिकन पिठात कोंड्याचं प्रमाण वाढवलं, पाव काळसर झाला आणि लोकांनी तोंडं वाकडी केली. कुठे किती धान्य लागेल हे बघायला त्यांनी जगभर पाठवलं ते हर्बर्ट हूवर यांना. म्हणजे १९३२ मध्ये मंदीपायी हरलेले तेच रिपब्लिकन माजी अध्यक्ष. एप्रिल १९४६ मध्ये हूवर हिंदुस्थानातही येऊन गेले. इथे बंगालचा दुष्काळ होऊन तीनच वर्षं झाली होती आणि मुंबईत रेशनच्या रांगा होत्या. त्या वर्षी अमेरिकन मतदार ज्या पावाबद्दल कुरकुरत होता त्यातला थोडा गहू कुणाच्या ताटात पडला हे त्याला कुणी नीट समजावलं नाही. समजावलं असतं तरी मत बदललं असतं असं नाही.

आता मांसाकडे येतो.

ओपीएच्या कायद्याची मुदत ३० जून १९४६ ला संपत होती. काँग्रेसनं मुदतवाढीचं विधेयक पाठवलं, पण त्यात इतक्या पळवाटा ठेवल्या होत्या की ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला. परिणाम? १ जुलैला कुठलंच नियंत्रण उरलं नाही. त्या एका जुलै महिन्यात किरकोळ भावांचा निर्देशांक जवळजवळ ६ टक्क्यांनी उडाला. एका महिन्यात! जुलैच्या शेवटी काँग्रेसनं जरा कमी भोकांचं दुसरं विधेयक पाठवलं, ट्रूमन यांनी नाक मुरडत सही केली, आणि मांसावरचं नियंत्रण सप्टेंबरच्या सुरुवातीला परत आलं.

पण जनावर पाळणाऱ्यानं या दोन महिन्यांत काय केलं ते बघा. जुलै-ऑगस्टमध्ये भाव मोकळे होते, तेव्हा त्यानं होती नव्हती ती, नीट पोसलीही न गेलेली जनावरं बाजारात आणून विकली. सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा बांधले गेल्यावर त्यानं उरलेली कुरणातच ठेवली. त्याचा हिशेब साधा होता. नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे, सरकार किती दिवस टिकवणार हे? थांबू या. गाईला गवत चारत थांबायला फारसा खर्च येत नाही. झालं! सप्टेंबरच्या मध्यापासून मोठ्या कत्तलखान्यांतली कामं ठप्प, कामगार घरी, खाटकांच्या दुकानांना कुलपं. जिथे थोडा माल यायचा तिथे बायका पहाटेपासून रांगा लावायच्या. न्यूयॉर्कमध्ये घोड्याचं मांस विकलं जाऊ लागलं. युद्धातसुद्धा ही वेळ आली नव्हती, आणि हे वाक्य त्या दोन महिन्यांत प्रत्येक रांगेत बोललं गेलं असणार. डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधीगृहातले सभापती सॅम रेबर्न यांनी तेव्हाच ओळखलं, ही निवडणूक बीफस्टेकची होणार. (१९९८ मध्ये दिल्लीत कांद्यानं सरकार घालवलं होतं ते आठवत असेल तर रेबर्न यांची घालमेल लगेच समजेल.)

विरोधकांना यापेक्षा जास्त काय हवं? बॉस्टनमधल्या एका जाहिरात कंपनीनं रिपब्लिकन पक्षाला दोन शब्दांची घोषणा लिहून दिली: 'हॅड इनफ?' म्हणजे 'पुरे झालं ना?' माझ्या मते ही राजकारणातल्या सगळ्यात हुशार घोषणांपैकी एक आहे. कारण तिच्यात वचन काहीच नाही. आम्ही अमुक करू, तमुक करू, काही नाही. फक्त प्रश्न. आणि उत्तर प्रत्येकानं आपापल्या दुखण्याप्रमाणे भरायचं. कोणाला संप पुरे, कोणाला रांगा पुरे, कोणाला वर्षानुवर्षं काँग्रेसमध्ये ठाण मांडून बसलेले डेमोक्रॅट पुरे. 'चूक करणं मानवी आहे' या अर्थाच्या इंग्रजी म्हणीत एक शब्द बदलून 'चूक करणं म्हणजे ट्रूमन' असा विनोद गावभर फिरला. तो सिनेटर टाफ्ट यांच्या पत्नी मार्था यांच्या नावावर सांगतात.

आमच्या धंद्यात बग रिपोर्ट येतो तेव्हा निदान एवढं तरी लिहिलेलं असतं की काय केलं, काय अपेक्षा होती, काय झालं. मध्यावधीत मतदार पाठवतो तो रिपोर्ट एका बिटाचा असतो. 'चालत नाही.' बास. बाकी तुम्ही शोधा. १९४६ ची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती इथे. लोकांचं दुखणं शंभर टक्के खरं होतं. पण मतपेटीतून बाहेर आलेल्या 'पुरे झालं' या एका शब्दात ते मावणारं नव्हतं, आणि तो शब्द ज्याच्या हातात पडला त्यानं त्यावर आपल्याला हवं ते लिहून घेतलं.

डेमोक्रॅट पक्षाचं तर पार कडबोळं झालं होतं. १२ सप्टेंबरला ट्रूमन यांचे व्यापारमंत्री हेन्री वॉलेस यांनी न्यूयॉर्कमध्ये भाषण ठोकलं की रशियाशी जरा नमतं घ्या. त्याच वेळी परराष्ट्रमंत्री बर्न्स पॅरिसमध्ये रशियाशी कडक बोलत बसले होते. ट्रूमन म्हणाले, मी भाषण आधी बघितलंय. मग म्हणाले, बघितलंय पण मान्य नाही. मग आठवड्याभरानं वॉलेसना घरी पाठवलं. शेवटी पक्षाच्या अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की तुम्ही प्रचारालाच जाऊ नका. त्याऐवजी रेडिओवरून काय लावलं? दीड वर्षापूर्वी वारलेल्या रूझवेल्ट यांचा रेकॉर्ड केलेला आवाज! जिवंत अध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये गप्प, आणि गेलेले अध्यक्ष मतं मागतायत.

कॅलिफोर्नियातल्या एका मतदारसंघात याच काळात एक सामना झाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका बाजूला जेरी व्हूरहिस, पाच वेळा निवडून आलेले, अभ्यासू, सरळ डेमोक्रॅट. दुसऱ्या बाजूला नौदलातून नुकताच सुटलेला ३३ वर्षांचा वकील, रिचर्ड निक्सन. निक्सन सांगत फिरत होते की व्हूरहिसना डाव्या कामगार संघटनांच्या राजकीय समितीचा पाठिंबा आहे. १३ सप्टेंबरला साउथ पासाडेनात जाहीर वादसभा झाली. व्हूरहिस यांच्या बाजूनं आव्हान आलं, पुरावा दाखवा. निक्सन उठले, खिशातून कागद काढला, स्टेज ओलांडून गेले आणि तो व्हूरहिस यांच्या हातात दिला. कागद होता एका वेगळ्याच समितीच्या स्थानिक शाखेचा. नावं सारखी, काही माणसंही तीच, पण संस्था वेगळी. व्हूरहिस यांनी कागद वाचला आणि प्रामाणिकपणे सांगू लागले की ही तर दुसरी संस्था आहे. तोवर निक्सन दोन्ही समित्यांतली सामाईक नावं वाचायला लागले होते. सभागृहातल्या माणसाला एवढंच दिसलं की एकानं पुरावा दिला आणि दुसरा गडबडला. निवडणूक निक्सन यांनी पंधरा हजारांवर मतांनी जिंकली.

बरं, हे निक्सन भावनियंत्रणावर तुटून पडत होते. १९४२ मध्ये ते स्वतः काही महिने त्याच ओपीएमध्ये, टायरच्या रेशनिंगच्या विभागात वकील म्हणून नोकरीला होते. हे लक्षात असू द्या, शेवटी लागेल.

पण 'पुरे झालं' म्हणण्याचा हक्क त्या वर्षी सगळ्यांना नव्हता. जॉर्जिया राज्यात १७ जुलै १९४६ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. दक्षिणेत तेव्हा तीच खरी निवडणूक. नोव्हेंबरची म्हणजे उपचार. सर्वोच्च न्यायालयाच्या १९४४ च्या निकालामुळे कृष्णवर्णीयांना तिथे मत द्यायचा मार्ग उघडला होता. मेसिओ स्नाइप्स नावाचा एक माणूस, युद्धात लढून परत आलेला, टेलर काउंटीत मतदान करायला गेला. मत देणारा तो तिथला एकमेव कृष्णवर्णीय होता. दुसऱ्या दिवशी गोरी माणसं घरी आली आणि त्याला गोळी घातली. २० जुलैला तो गेला. पाच दिवसांनी त्याच राज्यात मूर्स फोर्डच्या पुलाजवळ दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावानं गोळ्या घालून मारलं. अटलांटाच्या एका वर्तमानपत्रात ऑगस्टमध्ये एका सतरा वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याचं पत्र छापून आलं: आम्हाला या देशाचे नागरिक म्हणून मूलभूत हक्क हवे आहेत, मत द्यायचा हक्क हवा आहे, अशा अर्थाचं. विद्यार्थ्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. देशभरच्या प्रचारात या गोष्टींपेक्षा मांसाच्या रांगा कितीतरी मोठ्या होत्या. हे मला माहीत झाल्यापासून १९४६ च्या गमतीजमती सांगताना माझी जीभ इथे अडखळते.

असो. परत वॉशिंग्टनला.

१४ ऑक्टोबरला ट्रूमन रेडिओवर आले आणि मांसावरचं नियंत्रण काढून घेतलं. कत्तलखाने ताब्यात घ्यायचा विचार केला होता म्हणाले, पण जनावरंच नसतील तर रिकामे कत्तलखाने घेऊन काय करू? या भाषणाचा ट्रूमन यांनी स्वतः लिहिलेला एक आधीचा मसुदा आहे, जो त्यांनी कधी वाचला नाही. त्यात त्यांनी थेट लोकांनाच झापलं आहे: युद्धात एवढा त्याग केलात आणि आता मांसाच्या एका तुकड्यासाठी सगळं सोडून दिलंत! सल्लागारांनी तो दाबून ठेवला हे बरंच झालं. मतदाराला तुमची भूक चुकीची आहे असं सांगून आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण मसुदा वाचताना त्या माणसाबद्दल थोडं वाईट वाटतं हेही खरं.

नियंत्रण उठताच जनावरं धो धो बाजारात आली. निवडणुकीच्या आधी दुकानं भरली. पण भाव बघून लोकांनी डोक्याला हात लावला. म्हणजे सप्टेंबरचा राग होता तो होताच, त्यात ऑक्टोबरचा मिळाला.

५ नोव्हेंबरला निकाल लागला. रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधीगृहात ५५ जागा वाढल्या: २४६ विरुद्ध १८८. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४५. दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हातून गेली. जो मॅकार्थी नावाचे एक सिनेटर याच लाटेवर विस्कॉन्सिनमधून आले. आणि लाटेच्या विरुद्ध, बॉस्टनमधून, २९ वर्षांचे जॉन केनेडी डेमोक्रॅट म्हणून आले. (एप्रिल १९४७ मध्ये निक्सन आणि केनेडी पेनसिल्व्हेनियातल्या मॅकीझपोर्ट या पोलादाच्या गावात कामगार कायद्यावर वाद घालायला गेले आणि परत येताना एकाच गाडीनं आले. पुढच्या त्या टीव्हीवरच्या वादसभेच्या तेरा वर्षं आधी!)

एक आकडा मात्र या विजयाच्या गडबडीत मागे राहतो. १९४४ मध्ये अध्यक्षपदासाठी सुमारे ४ कोटी ८० लाख लोकांनी मत दिलं होतं. १९४६ मध्ये प्रतिनिधीगृहासाठी सुमारे ३ कोटी ४० लाखांनी. म्हणजे दीड कोटीच्या जवळपास माणसं घरीच बसली. मध्यावधीला मतदान कमीच होतं, ते धरूनही, पक्ष बदलणारा मतदार एक आणि दारातून बाहेरच न पडणारा दुसरा. संप मोडायच्या धमकीनं दुखावलेले कामगार या दुसऱ्या गटात बरेच असावेत असं मला वाटतं.

ट्रूमन मत द्यायला आपल्या गावी, इंडिपेंडन्सला गेले होते. निकालानंतर रेल्वेनं परत आले. एरवी अध्यक्ष परतले की स्टेशनवर मंत्र्यासंत्र्यांची झुंबड. त्या दिवशी फलाटावर एकच माणूस उभा होता, परराष्ट्र खात्याचे उपमंत्री डीन अ‍ॅचेसन. ट्रूमन ते आयुष्यभर विसरले नाहीत. १९४९ मध्ये अ‍ॅचेसन परराष्ट्रमंत्री झाले.

आणि स्वपक्षीय? आर्कान्सॉचे डेमोक्रॅट सिनेटर फुलब्राइट यांनी सुचवलं की ट्रूमन यांनी रिपब्लिकन सिनेटर व्हँडेनबर्ग यांना परराष्ट्रमंत्री करावं आणि स्वतः राजीनामा द्यावा. उपाध्यक्षपद रिकामं असल्यानं नियमाप्रमाणे परराष्ट्रमंत्री अध्यक्ष झाला असता. ऑक्सफर्डला शिकलेल्या माणसाची सुबक कल्पना: संसद त्यांची, तर सरकारही त्यांचं. थोडक्यात आपली संसदीय पद्धत. ट्रूमन यांनी त्यांचं नाव 'हाफब्राइट' ठेवलं. हेच ते फुलब्राइट, ज्यांच्या शिष्यवृत्तीसाठी आपल्यापैकी कितीतरी जणांनी फॉर्म भरलेत. तिचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला होता.

मग लोकांना 'पुरे झालं'चं फळ काय मिळालं? निवडणुकीनंतर आठवड्याच्या आत ट्रूमन यांनी घरभाडं, साखर आणि तांदूळ सोडून जवळजवळ सगळी नियंत्रणं उठवली. डिसेंबर १९४५ ते डिसेंबर १९४६ या वर्षभरात भाव १८ टक्क्यांनी वाढले. जिंकलेल्या मंडळींनी 'पुरे झालं' याचा अर्थ लावला, रूझवेल्ट यांचा सगळा कारभारच पुरे झाला. त्यांनी कामगार संघटनांना वेसण घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा ट्रूमन यांचा नकाराधिकार झुगारून १९४७ मध्ये केला, आणि अध्यक्षाला दोनच मुदती देणारी घटनादुरुस्ती पुढे रेटली. घरांचा प्रश्न होता तिथेच राहिला. मार्शल योजनेसारखी मोठी कामं त्याच काँग्रेसनं केली हेही सांगायला हवं, व्हँडेनबर्ग यांच्यामुळे. पण मतदार काही मार्शल योजनेसाठी रांगेत उभा नव्हता.

१९४८ मध्ये ट्रूमन रेल्वेच्या डब्यातून देशभर फिरले. या वेळी घोषणा त्यांची होती: काहीच न करणारी काँग्रेस. म्हणजे 'पुरे झालं ना?' हाच प्रश्न, फक्त बोट दुसरीकडे. सगळे पंडित तोंडघशी पडले. ट्रूमन जिंकले, प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांच्या ७५ जागा वाढल्या आणि सिनेटही परत आली. दोन वर्षांत तोच मतदार, किंवा खरं तर १९४६ ला घरी बसलेला मतदार.

आता निक्सन. १९७१ च्या ऑगस्टमध्ये, अध्यक्ष म्हणून, महागाईनं हैराण झालेल्या देशाला त्यांनी टीव्हीवरून सांगितलं की भाव आणि पगार ९० दिवस गोठवले आहेत. टायरच्या रेशनिंगमध्ये बसून ज्यांना या कारभाराचा वीट आला होता तेच निक्सन. २९ मार्च १९७३ ला त्यांनी बीफ, डुकराचं आणि कोकराचं मांस यांचे कमाल भाव ठरवून दिले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी देशभर मांसावर बहिष्कार टाकला. उन्हाळ्यात बाकीचं मांस मोकळं केलं, पण बीफचे भाव सप्टेंबरपर्यंत बांधलेले राहिले. सप्टेंबरची तारीख सगळ्यांना माहीत होती. जनावरं पाळणाऱ्यांनी ती कॅलेंडरात बघितली, कुंपणाचं फाटक लावलं, आणि दुकानांतून बीफ पुन्हा नाहीसं झालं.